डकोटाची परतीची फेरी

'इतिहासातलं एखादं यंत्र' या विषयावर बोला, असं मला सांगण्यात आलं तेव्हा सांगणाऱ्यांच्या मनात बहुधा छापखाना असावा, घड्याळ असावं, फार तर चरखा. कवी माणूस आणखी कशावर बोलणार? मी लष्करी विमान निवडलं. तेही लढाऊ नाही, मालवाहू. दोन इंजिनांचं, जमिनीवर उभं असताना नाक वर करून शेपटीवर बसणारं, आत शिरलं की चढण चढायला लावणारं डकोटा. १९३५ साली ते पहिल्यांदा उडालं आणि त्याच्या जातीची काही विमानं आजही उडतात. शेजारच्या कर्नाटकात खटारा गाडीला 'डकोटा' म्हणतात. म्हातारपणी एवढी थट्टा व्हायचीच.

मी हे विमान का निवडलं ते आधी सांगतो. लढाऊ विमान जातं, मारतं आणि नशीब असेल तर परत येतं. मालवाहू विमानाच्या प्रत्येक खेपेला दोन बाजू असतात. जाताना ते काहीतरी घेऊन जातं आणि येताना, शक्य असेल तर, रिकामं येत नाही. आमच्या गावाकडचा बैलगाडीवालासुद्धा बाजारातून रिकामी गाडी आणणं अपमान समजतो. पण युद्धाच्या पुस्तकांत सहसा जातानाचाच माल लिहिलेला असतो: इतक्या तोफा, इतके जवान, इतका दारूगोळा. येताना त्या विमानात कोण बसलं होतं, हे एखाद्या ओळीत उरकलेलं असतं. माझं कुतूहल त्या ओळीबद्दल आहे.

आता जन्मकथा, थोडक्यात. ३१ मार्च १९३१ रोजी अमेरिकेत टीडब्ल्यूए कंपनीचं एक फोकर विमान कोसळलं. त्यात नूट रॉकनी हे तिथले अतिशय लोकप्रिय फुटबॉल प्रशिक्षक गेले. त्या विमानाचा पंख लाकडी होता आणि ओलाव्याने त्याचे सांधे आतून सुटले होते. लोकांचा लाकडी विमानांवरचा विश्वास उडाला. पुढच्या वर्षी टीडब्ल्यूएने धातूच्या विमानाची मागणी नोंदवली आणि कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका इथल्या डोनाल्ड डग्लस यांच्या कारखान्यात डीसी-१ तयार झालं. ते एकच बनलं. मग डीसी-२ आलं. तेवढ्यात अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख सी. आर. स्मिथ यांना रात्रभर झोपून जाता येईल असं विमान हवं झालं. डग्लस तयार नव्हते. स्मिथ यांनी फोनवर लांबलचक बोलून त्यांना राजी केलं. चौदा जणांना झोपायची किंवा एकवीस जणांना बसायची सोय असलेलं ते रुंद विमान म्हणजे डीसी-३. त्याचं पहिलं उड्डाण झालं १७ डिसेंबर १९३५ रोजी. राइट बंधूंच्या उड्डाणाला त्या दिवशी बरोबर ३२ वर्षं झाली होती. एवढ्या काळात माणूस वाळूवरच्या काही फुटांच्या उडीपासून आकाशातल्या बिछान्यापर्यंत पोचला होता.

म्हणजे या लष्करी विमानाचा मूळ हेतू माणसांना झोपवणं हा होता, हे लक्षात ठेवा.

ते इतकं टिकलं कसं, याचं उत्तर पंखात आहे. आत एका तुळईऐवजी तीन तुळया आणि त्यांच्यामध्ये पुष्कळ कप्पे. एक कप्पा निकामी झाला तर भार शेजारच्यांनी उचलायचा. आमच्या जुन्या वाड्यांचं बांधकाम असंच असायचं. एक खांब गेला म्हणून माडी खाली येत नसे. दुसरी गोष्ट म्हणजे आत हवेचा दाब राखायची सोयच नव्हती. आजच्या विमानाचं अंग दर उड्डाणाला फुग्यासारखं किंचित फुगतं आणि उतरताना आकसतं. वर्षानुवर्षं हे झालं की धातू थकतो. डकोटाला तो ताप नव्हता. तिसरी गोष्ट चाकांची. ती उडताना वर ओढून घेतली तरी अर्धी बाहेर राहायची, त्यामुळे चाकं न उघडता पोटावर उतरायची वेळ आली तरी विमानाचा चुराडा होत नसे. प्रत्येकी १२०० अश्वशक्तीची, हवेने थंड होणारी दोन इंजिनं, सुमारे तीन टनांचा माल आणि उतरायला गवताचं रानही चालेल अशी चाकं. हुशारीपेक्षा सोशिकपणाची ही यादी आहे.

मग दुसरं महायुद्ध आलं. त्याच विमानाची जमीन मजबूत केली, शेपटीजवळ डाव्या अंगाला दोन पाखांचं मोठं दार बसवलं, की झालं सी-४७. ब्रिटिशांनी त्याचं नाव ठेवलं डकोटा आणि आपल्याकडे तेच रुळलं. अमेरिकेत अशी दहा हजारांवर विमानं बनली. रशियाने परवाना घेऊन आपली हजारो बनवली. जपाननेही युद्धाआधी परवाना घेतलेला होता, त्यामुळे युद्धात एकमेकांवर उठलेल्या दोन्ही बाजूंकडे एकाच आराखड्याची विमानं होती. असा प्रसंग या विमानावर पुढेही येणार होता, आपल्या अंगणात. ६ जून १९४४च्या पहाटे नॉर्मंडीवर छत्रीधारी सैनिक उतरवले ते याच विमानांनी, आठशेहून अधिक. युद्ध जिंकून देणाऱ्या साधनांत जनरल आयसेनहॉवर यांनी नंतर बुलडोझर, जीप, अडीच टनी ट्रक आणि सी-४७ ही नावं घेतली आणि यातलं एकही लढण्यासाठी बनवलेलं नव्हतं, अशीही नोंद केली. सेनापतीने हमालांचं नाव घेतल्याची उदाहरणं फार नाहीत.

एक गंमत सांगतो. १९४१ साली चीनमध्ये जपानी बॉम्बहल्ल्यात एका डीसी-३चा उजवा पंख उडाला. सुटा पंख मिळेना. हाँगकाँगमध्ये डीसी-२चा होता, पण तो पाचेक फुटांनी आखूड. तोच दुसऱ्या विमानाच्या पोटाखाली बांधून आणला, लावला आणि एक पंख लांब, एक पंख आखूड अशा अवस्थेत ते विमान उडून गेलं. लोकांनी त्याचं नाव ठेवलं डीसी-अडीच.

आपल्याकडे हे विमान आलं ते आसामातून. जपानने ब्रह्मदेश घेतल्यावर चीनचा जमिनीचा रस्ता बंद झाला. दिंजान, छबुआ अशा चहामळ्यांतल्या धावपट्ट्यांवरून हिमालयाची शेपटी ओलांडून कुनमिंगला माल नेण्याचं काम १९४२मध्ये सुरू झालं. वैमानिक त्या डोंगररांगेला 'हंप' म्हणजे मदार म्हणत. तीन-साडेतीन वर्षांत सुमारे साडेसहा लाख टन माल गेला आणि जवळजवळ सहाशे विमानं त्या डोंगरांत राहिली. पुढे मोठी विमानं आली, पण सुरुवात डकोटाची. पेट्रोल नेण्यासाठी पेट्रोल जाळायचं, असा तो आतबट्ट्याचा व्यवहार होता.

मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते इंफाळ. मार्च १९४४मध्ये जपानी सैन्याने इंफाळला वेढा घातला. पाचवी हिंदी डिव्हिजन अराकानच्या जंगलातून उचलून विमानांनी इंफाळकडे आणली गेली: माणसं, तोफा आणि खेचरंसुद्धा. खेचरांसाठी विमानात बांबूचे कठडे बांधायचे. डोळ्यांसमोर आणून बघा, आठ-दहा हजार फुटांवर, इंजिनांचा तो आवाज आणि आत बांबूला टेकलेलं खेचर. वेढा उठेपर्यंत शहर आकाशातून जगलं. धान्य गेलं, पेट्रोल गेलं, चार कोटींहून जास्त सिगारेटी गेल्या आणि टपालाच्या सुमारे १२ हजार थैल्या गेल्या. वेढ्यातल्या शिपायाला गोळीइतकीच घरच्या पत्राची गरज असते, हे कोणा अधिकाऱ्याला कळलं होतं, याचं मला बरं वाटतं.

आणि परतीच्या फेरीत? सुमारे १३ हजार आजारी आणि जखमी बाहेर आले आणि सुमारे ४३ हजार न लढणारे लोक. यात हिशेबही होता. एक खाणारं तोंड बाहेर काढलं की तेवढं धान्य आत न्यावं लागत नाही. दया आणि गणित दोन्ही एकाच विमानातून प्रवास करत होती. त्यातलं कोण पुढच्या बाकावर होतं, याचा निवाडा मी करणार नाही. बाहेर आलेल्या माणसाला तो फरक पडत नाही.

युद्ध संपलं आणि अमेरिकनांनी आपली विमानं इथेच विकायला काढली. स्वस्तात मिळतात म्हणून १९४६मध्ये हिंदुस्थानात विमान कंपन्यांचं पेव फुटलं. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात लष्करी डकोटांना खुर्च्या बसवून प्रवासी बनवण्याचं काम चालू झालं. त्याच वर्षी वायुदलाच्या १२ क्रमांकाच्या तुकडीला डकोटा मिळाली. आपल्या वायुदलाची ही पहिली वाहतूक तुकडी. वर्षभरात देशाची फाळणी झाली. टेबलं, टाइपरायटर, पुस्तकालयं वाटली गेली तशी डकोटाही वाटली गेली.

फाळणीचं चित्र आपल्या मनात आगगाडीचं आहे. ते खरंच आहे. पण १९४७च्या सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये विमानांनीही हजारो माणसं हलवली. दिल्लीहून कराचीकडे आणि पंजाब-सिंधकडून दिल्लीकडे. त्यात पुष्कळ डकोटा होती. खुर्च्या काढून टाकायच्या आणि माणसांना गठड्यांसारखं जमिनीवर बसवायचं. या एका प्रकरणात जाण्याची फेरी कोणती आणि परतीची कोणती, हे ठरवता येत नाही. विमान इकडून मुसलमान कुटुंब घेऊन जायचं, तिकडून हिंदू किंवा शीख कुटुंब घेऊन यायचं. त्याच जमिनीवर, त्याच जागी. आधीच्या माणसांचा एखादा लोटा, एखादी चप्पल मागे राहिली असेल, ती पुढच्या माणसांनी पाहिली असेल. हे मी कल्पनेने म्हणतो आहे, पण असं झालं नसेल यावर माझा विश्वास बसत नाही.

मग आला ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा. टोळीवाले बारामुल्लापर्यंत पोचले होते. महाराजा हरिसिंगांनी विलीनीकरणावर सही केली आणि २७ ऑक्टोबर १९४७च्या सकाळी पालम आणि विलिंग्डन, म्हणजे आजचं सफदरजंग, इथून डकोटा उडाली. आत पहिल्या शीख बटालियनचे जवान. प्रमुख लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय. सूचना अशी होती की श्रीनगरच्या मैदानावर घिरट्या घालून बघा; मैदान शत्रूच्या हाती दिसलं तर उतरू नका, जम्मूला जा. खाली काय आहे हे वर असलेल्यांना माहीत नव्हतं. मैदान मोकळं होतं. महाराजांच्या छोट्या विमानासाठी केलेली ती मातीची पट्टी, तिच्यावर धुळीचे लोट उडवत एकामागून एक विमानं उतरली. वायुदलाकडे विमानं थोडी होती म्हणून खासगी कंपन्यांची डकोटा घेतली होती. त्यांचे वैमानिक फौजेतले नव्हते, पगारी माणसं होती. आदल्या दिवशी प्रवासी नेणारा वैमानिक दुसऱ्या दिवशी दारूगोळ्याच्या पेट्या घेऊन बर्फाच्या डोंगरावरून चालला होता. १७ नोव्हेंबरपर्यंत दिल्लीहून सातशेहून अधिक खेपा झाल्या. कर्नल राय पहिल्याच चकमकींत बारामुल्लाच्या वाटेवर पडले. ३ नोव्हेंबरला बडगामला मेजर सोमनाथ शर्मा पडले. त्यांचा एक हात प्लॅस्टरमध्ये होता आणि ते राखत होते ती होती विमानतळाची वाट. ती गेली असती तर डकोटाला उतरायला जागा उरली नसती. पहिलं परमवीर चक्र त्यांना मिळालं.

ही कथा आपण शाळेपासून ऐकत आलो. येताना याच विमानांतून खोऱ्यातली घाबरलेली कुटुंबं आणि जखमी माणसं दिल्लीला येत होती, एवढीच भर मी घालतो.

पण माझ्या मते डकोटाची खरी परीक्षा श्रीनगरला झाली नाही, पूंछला झाली. पूंछ शहराला नोव्हेंबर १९४७पासून वेढा पडला होता. आत ब्रिगेडियर प्रीतमसिंग यांची फौज आणि आसपासच्या गावांतून पळून आलेले हजारो निर्वासित. रस्ता नाही. धान्य संपत आलेलं. तेव्हा शिपाई आणि निर्वासित यांनी मिळून धावपट्टी तयार केली. तिच्या तीन बाजूंना ओढे आणि चहूकडे डोंगर. डोंगरावर शत्रूच्या तोफा. डिसेंबरात तिथे पहिलं डकोटा उतरवलं ते एअर कमोडोर मेहेरसिंग यांनी. लोक त्यांना 'बाबा' मेहेरसिंग म्हणत. दुसऱ्या महायुद्धात डीएसओ मिळवणारे हे एकमेव हिंदी वैमानिक, त्या वेळी वय जेमतेम ३२. अशा पट्टीवरही ते नेहमीच्या भारापेक्षा जास्त, तीन टन माल नेत. रात्रीसुद्धा उतरत, पट्टीच्या कडेने तेलाचे दिवे लावून. त्या दिव्यांच्या ओळी कोण लावत असेल? तेच निर्वासित आणि शिपाई.

डोंगरी तोफा हव्या होत्या म्हणून त्या विमानात घालून उतरवल्या. बॉम्ब टाकायला दुसरं विमान मिळेना म्हणून याच डकोटाच्या दारातून हाताने ढकलून बॉम्ब टाकले. हमालाच्या हाती काठी दिली. लष्करी इतिहासकार या युक्तीचं कौतुक करतात आणि ते बरोबरही आहे. पण दिवसभरच्या खेपांचा हिशेब मांडला तर पूंछहून निघणाऱ्या प्रत्येक विमानात बायका, म्हातारी माणसं, मुलं होती. ज्या दारातून तोफ उतरली त्याच दारातून आजीला उचलून आत घेतलं जायचं. वेढा पूर्ण वर्षभर चालला, नोव्हेंबर १९४८मध्ये उठला. तोवर जगाशी संबंध ठेवणारी वाट म्हणजे ती पट्टी.

लेहची गोष्ट आणखी थरारक आहे, पण ती साहसाची आहे, म्हणून लवकर सांगून टाकतो. २४ मे १९४८ रोजी मेहेरसिंग यांनी शेजारी जनरल थिमय्या यांना बसवून डकोटा लेहला उतरवलं. सुमारे साडेअकरा हजार फूट उंचीवर, सिंधूकाठच्या वाळूच्या पट्टीवर. ती पट्टी लडाखचेच इंजिनिअर सोनम नोर्बू यांनी गावकऱ्यांना हाताशी धरून केलेली. वाटेत तेवीस हजार फुटांच्या आसपास चढायचं. विमानात दाबाची सोय नाही, पंखावरचं बर्फ काढायची सोय नाही, त्या वाटेचा नकाशा नाही. या विमानाच्या बनवणाऱ्यांनी ते झोपून जाणाऱ्या प्रवाशांसाठी बनवलं होतं, आठवतं ना?

आता दुसरी बाजू. पाकिस्तानच्या वाट्याला गेलेली डकोटा त्याच डोंगरांत, त्याच महिन्यांत गिलगिट आणि स्कर्दूकडे माल टाकत होती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मुख्तार अहमद डोगर नावाचा तरुण वैमानिक असाच माल टाकून परतत असताना सिंधूच्या खोऱ्यात चिलासजवळ भारताच्या दोन टेम्पेस्ट लढाऊ विमानांनी त्याला गाठलं. त्याच्याकडे बंदूक नव्हती. शरण येऊन भारतीय तळाकडे चल, हा हुकूम त्याने मानला नाही. विमान अरुंद खोऱ्यात अगदी खाली नेऊन, डावी-उजवीकडे वळवत त्याने ते वाचवलं. विमानातला एक सैनिक मारला गेला. टेम्पेस्टचे वैमानिक आपले होते, आपलं कर्तव्य करत होते आणि दोन वर्षांपूर्वी या तिघांचं वायुदल एकच होतं. पाकिस्तानने डोगरना सितारा-ए-जुर्रत दिला. मी त्या देशाचा नाही आणि त्या युद्धात न्याय कोणत्या बाजूला होता याबद्दल माझ्या मनात गोंधळ नाही. तरी पूंछच्या पट्टीवरचं डकोटा आणि चिलासच्या दरीतलं डकोटा यांच्याकडे मला वेगवेगळ्या डोळ्यांनी बघता येत नाही. दोघांची इंजिनं एका कारखान्यातली. दोघांना घरी परतायचं होतं.

त्याच काळात एका डकोटाने शेजारधर्म पाळला. डच सत्तेशी लढणाऱ्या इंडोनेशियाचे नेते सुतान शहरीर यांना बाहेर काढायचं होतं. जुलै १९४७मध्ये ओडिशाचे बिजू पटनाईक, सोबत पत्नी ज्ञानवती, स्वतः डकोटा चालवत जावात गेले आणि शहरीरना सिंगापूरमार्गे दिल्लीला घेऊन आले. संपूर्ण प्रवास परतीच्या फेरीसाठी केलेला! लगेच २९ जुलैला त्यांचंच दुसरं डकोटा औषधं घेऊन जोग्जाकार्ताला उतरत असताना डचांनी पाडलं. इंडोनेशियन वायुदलाचे संस्थापक म्हणावेत असे लोक त्यात गेले. पुढच्या वर्षी अचेच्या लोकांनी सोनंनाणं गोळा करून देशाला एक डकोटा घेऊन दिलं. त्याचं नाव 'सेउलावा'. ते दुरुस्तीसाठी कोलकात्यात असताना डचांनी राजधानी घेतली. घरी परतायची सोय राहिली नाही, तेव्हा २६ जानेवारी १९४९पासून ते रंगूनहून भाड्याने उडू लागलं आणि त्या कमाईतून स्वातंत्र्याच्या लढ्याला मदत गेली. विमानाने परमुलखात मोलमजुरी करून घरी पैसे पाठवले, असंच हे झालं.

नागपूरकर म्हणून मला ज्या डकोटांचा अभिमान आहे ती मात्र फौजेची नव्हती, फौजेतून मोडीत निघून नागरी झालेली होती. जानेवारी १९४९च्या अखेरीस रात्रीची विमान टपाल सेवा सुरू झाली. त्या वेळचे दळणवळण मंत्री रफी अहमद किदवई यांची ही कामगिरी. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघायचं आणि मध्यरात्रीच्या सुमाराला चारही नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर यायची. तिथे थैल्यांची अदलाबदल. मग प्रत्येक विमान आलं त्या शहराकडे परत. मद्रासला संध्याकाळी टाकलेलं पत्र सकाळी दिल्लीत. त्याच वर्षी १ एप्रिलपासून साध्या पत्रांनाही जादा पैसे न घेता विमानाने नेण्याचं ठरलं. गरिबाचं पत्र विमानात बसलं.

माझे अब्बा टपाल खात्यात छाटणीच्या कामावर होते. काही वर्षं त्यांची रात्रपाळी सोनेगावला होती. १९७३ साली ती सेवा बंद झाली तेव्हा मी अगदी लहान होतो, म्हणून मी स्वतः काही पाहिलेलं नाही. ऐकलेलं मात्र पुष्कळ आहे. थंडीत शेकोटी करून बसायचं, विमान दिसायच्या आधी आवाज यायचा, कोणत्या दिशेचं आहे ते ओळखायची पैज लागायची, हरणाऱ्याने चहा पाजायचा. चार विमानं एका रांगेत आली की त्यांच्या मधल्या अंधारात थैल्या घेऊन धावायचं. एखाद्या दिवशी धुक्याने एक विमान आलं नाही तर उरलेली तीन थोडा वेळ थांबायची. अब्बांना ते थांबणं फार आवडायचं. एका शहराच्या पत्रांसाठी तीन शहरं खोळंबली आहेत, असं ते सांगायचे. सेवेत पुढे वेगळी विमानं आली, पण अब्बांच्या तोंडी शेवटपर्यंत प्रत्येक विमान 'डकोटा'च होतं. मुंबईला जंबो जेट बघितलं तेव्हासुद्धा ते म्हणाले, केवढं हे डकोटा!

१९५३मध्ये विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा इंडियन एअरलाइन्सच्या वाट्याला आलेल्या ९९ विमानांपैकी ७४ डकोटा जातीची होती. फौजेतली डकोटा ईशान्येकडे राबत होती. जोरहाटहून उडायचं आणि रस्ता नसलेल्या चौक्यांवर तांदूळ, मीठ, रॉकेल टाकायचं. तांदूळ छत्रीशिवाय टाकायची युक्ती साधी होती. एक पोतं सैलसर भरायचं आणि ते दुसऱ्या मोठ्या पोत्यात घालायचं. जमिनीवर आदळून आतलं फुटलं तरी बाहेरचं दाणे सांभाळतं. हे काम करताना कित्येक विमानं दऱ्यांत गेली. त्यांच्या परतीची वाट बघणाऱ्यांबद्दल कुठे काही लिहिलेलं सापडत नाही.

व्हिएतनाममध्ये १९६४मध्ये अमेरिकनांनी या विमानाच्या डाव्या बाजूच्या खिडक्यांतून मशीनगना बसवल्या आणि त्याला रात्री गोळ्यांचा पाऊस पाडायला लावलं. हे सांगितलं नाही तर मी डकोटाला संत ठरवलं असं होईल. यंत्र संत नसतं. जो दार उघडतो त्याच्या मर्जीवर ते असतं.

१९७१ साली आपली डकोटा म्हातारी झाली होती, तरी ११ डिसेंबरला टांगाइलला दुसऱ्या पॅरा बटालियनला उतरवण्यासाठी निघालेल्या सुमारे पन्नास विमानांत तीही होती. त्याआधी सप्टेंबरमध्ये नागालँडमधल्या दिमापूरला बांगलादेशाचं वायुदल स्थापन झालं होतं. एकूण विमानं तीन: एक ऑटर, एक हेलिकॉप्टर आणि जोधपूरच्या महाराजांकडून आलेलं एक डकोटा. त्याला बॉम्बफेकीच्या कामाला लावायचं ठरत होतं. पण रात्री त्याच्या इंजिनाच्या धुराड्यातली ज्योत लांबून दिसायची, म्हणून तो बेत सोडून त्याला पुन्हा ओझी वाहायला लावलं. मला यात विमानाचाच हट्ट दिसतो, पण तो कवीचा दोष समजा.

ऐंशीच्या दशकात आपल्या वायुदलातून डकोटा निवृत्त झालं. अमेरिकेत मात्र जुन्याच सांगाड्यावर नवी टर्बाइन इंजिनं चढवून त्याचं 'बीटी-६७' करतात. अंटार्क्टिकावर बर्फाची जाडी मोजणारे शास्त्रज्ञ ते वापरतात, चाकांच्या जागी घसरपट्ट्या लावून. वैमानिकांत म्हण आहे की डकोटाच्या जागी दुसरं विमान आणायचं असेल तर दुसरं डकोटाच आणावं लागतं.

२०११मध्ये एक डकोटा आयर्लंडमध्ये भंगारात निघालं होतं. राजीव चंद्रशेखर यांनी ते घेतलं, इंग्लंडमध्ये दुरुस्त करून घेतलं आणि वायुदलाला भेट दिलं. त्यांचे वडील एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर डकोटाचे वैमानिक होते. १७ एप्रिल २०१८ रोजी ते कॉव्हेंट्रीहून निघालं. त्याची एका दमात उडायची ताकद ती केवढी! फ्रान्स, इटली, ग्रीस, जॉर्डन, सौदी अरेबिया, बहरीन, ओमान असे मुक्काम करत, जुन्या काळच्या प्रवाशासारखं ते २५ एप्रिलला जामनगरला पोचलं आणि तिथून दिल्लीजवळच्या हिंडन तळावर. त्याचं नाव 'परशुराम' ठेवलं आणि शेपटीवर क्रमांक घातला व्हीपी ९०५. मूळ व्हीपी ९०५ हे २७ ऑक्टोबर १९४७ला श्रीनगरला जवान नेणारं विमान. २०१८च्या ८ ऑक्टोबरला, वायुसेना दिनी, ते हिंडनवर लोकांसमोर उडालं.

त्याचं चित्र किंवा चित्रफीत तुमच्या बघण्यात आली तर सगळे बघतात तसं नाक आणि पंखे बघा. मग जरा मागे, डाव्या अंगाला, शेपटीजवळ बघा. तिथे दोन पाखांचं ते दार आहे. जमिनीपासून ते फार उंच नाही. वर कोणी हात दिला तर म्हातारं माणूसही चढून जाईल.